योकोहामाच्या पाट्या : जपानी विद्यार्थी इंग्रजीकडे का वळले?

इ.स. १८५९. एडो शहरातून (आजचे टोकियो) चोवीस-पंचवीस वर्षांचा एक सामुराई तरुण योकोहामाकडे पायी निघाला. हे बंदर परदेशी व्यापाराला नुकतेच खुले झाले होते. समुद्रकाठी घाईघाईने उभारलेली परक्यांची घरे, दुकाने आणि दुकानांवर पाट्या. तरुणाने पहिली पाटी पाहिली, ती त्याला वाचता आली नाही. दुसरी पाहिली, तीही नाही. बाटल्यांवरची अक्षरे कळेनात, माणसांचे बोलणे कळेना.

हा तरुण अशिक्षित असता तर नवल नव्हते. पण त्याचे नाव होते फुकुझावा युकिची. पाच वर्षे रात्रीचा दिवस करून त्याने युरोपची भाषा आत्मसात केली होती. एडोमध्ये तो ती भाषा शिकवत होता. अडचण एवढीच होती की ती भाषा डच होती.

विद्यार्थी परकी भाषा का शिकतात, विशेषतः इंग्रजीच का, हा प्रश्न आज शिकवणीच्या जाहिरातींपुरता उरला आहे. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात तो काही जणांसाठी अक्षरशः जिवाशी खेळ होता. हा धागा त्या विद्यार्थ्यांचा.

प्रथम डच कशी आली, ते पाहू. सतराव्या शतकात तोकुगावा शोगुनांनी देशाची दारे जवळजवळ बंद केली. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना राहू दिले, तेही १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या चिमुकल्या कृत्रिम बेटावर. जपानी माणसाने देशाबाहेर जाणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला. पुढची दोनशेहून अधिक वर्षे पाश्चात्त्य ज्ञानाचा जो काही झरा जपानात झिरपला, तो या एका बेटातून आणि डच भाषेतून. १७७४ मध्ये काही वैद्यांनी शरीरशास्त्राचा एक डच ग्रंथ महत्प्रयासाने जपानीत आणला आणि ‘रांगाकु’ म्हणजे डच विद्या हा अभ्यासाचा एक प्रतिष्ठित मार्ग झाला. युरोप म्हणजे डच, असे समीकरण मनात घट्ट बसले.

त्याला पहिला तडा १८०८ मध्ये गेला. नेपोलियनची युद्धे चालू होती. डच निशाण फडकवत एक जहाज नागासाकी बंदरात शिरले. रिवाजाप्रमाणे देजिमावरचे डच लोक स्वागताला गेले, तर त्यांनाच पकडून ओलीस ठेवण्यात आले! जहाज होते ब्रिटिश आरमाराचे ‘फेटन’. अन्नपाणी न दिल्यास बंदरातली जहाजे जाळू, अशी धमकी देऊन, रसद घेऊन ते निघून गेले. बंदराच्या संरक्षणासाठी पुरेसे सैनिकसुद्धा हजर नव्हते. नागासाकीचा सुभेदार मात्सुदाइरा यासुहिदे याने त्या नामुष्कीपायी पोट चिरून आत्महत्या केली.

शोगुनाच्या सरकारने यानंतर केलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. नागासाकीच्या दुभाष्यांना हुकूम सुटला की इंग्रजी शिका. म्हणजे जपानमधल्या इंग्रजी शिक्षणाचा पाया घातला तो भीतीने. ना साहित्याची गोडी, ना व्यापाराचा लोभ. दुभाष्यांचे घराणे वंशपरंपरागत. बापाकडून मुलाकडे डच भाषा जायची, तशी आता इंग्रजीही जावी, एवढीच कल्पना. शिकवणार कोण? देजिमावरचा एक डच अधिकारी, यान कॉक ब्लोमहॉफ. १८१४ मध्ये या मंडळींनी सुमारे सहा हजार शब्दांचा इंग्रजी-जपानी कोश सिद्ध केला. त्यातले उच्चार अर्थातच डच वळणाचे होते, कारण अस्सल इंग्रजी त्यांच्या कानांवर पडलीच नव्हती.

ती पडली १८४८ मध्ये, आणि तीही एका कैद्याच्या तोंडून. रॅनल्ड मॅकडोनाल्ड हा स्कॉटिश बाप आणि चिनूक जमातीची आई यांचा मुलगा, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जन्मलेला. जपान पाहायचाच, या वेडापायी तो व्हेल पकडणाऱ्या जहाजावर चढला आणि उत्तरेकडच्या एका बेटाजवळ मुद्दाम छोट्या होडीतून उतरला. आपण जहाजफुटीतून वाचलो, असा बहाणा केला. जपान्यांनी त्याला पकडून नागासाकीला नेले. तेथे कोठडीच्या गजांआडून त्याने चौदा दुभाष्यांना इंग्रजी शिकवली. ते एकेक शब्द वाचत, तो उच्चार सुधारत असे. काही महिन्यांनी एका अमेरिकी युद्धनौकेने त्याला परत नेले. त्या चौदांतला सर्वांत हुशार विद्यार्थी होता मोरियामा एइनोसुके. हे नाव ध्यानात ठेवावे.

उलट दिशेचा प्रवास एका कोळ्याच्या पोराने केला. १८४१ मध्ये चौदा वर्षांच्या मांजिरोची होडी वादळात भरकटली. अमेरिकी व्हेलजहाजाचा कप्तान विटफिल्ड याने त्याला वाचवले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला नेऊन शाळेत घातले. दहा वर्षांनी तो परतला, तेव्हा त्याची चौकशीवर चौकशी झाली. १८५३ मध्ये कमोडोर पेरीची काळी जहाजे एडोच्या उपसागरात आली, तेव्हा देशात उत्तम इंग्रजी जाणणारा माणूस हाच होता. पण पेरीशी झालेल्या बोलण्यात त्याला दुभाषा म्हणून बसवले नाही. अमेरिकेचे मीठ खाल्लेला माणूस. कोणाची बाजू घेईल, सांगता येत नाही! करारमदार झाले ते डच भाषेच्या आडवळणाने. पहिल्या भेटीत जपानी दुभाष्याने काळ्या जहाजाकडे पाहून इंग्रजीत जे वाक्य उच्चारले म्हणतात, त्याचा अर्थ होता, मला डच बोलता येते.

या सगळ्यामागे चीनची सावली होती. १८३९ ते १८४२ च्या अफू युद्धात इंग्लंडने चीनला नमवले. ज्या चीनला जपान शतकानुशतके ज्ञानाचा गुरू मानत आला, त्याची ही गत. (ती अफू हिंदुस्थानात पिकत होती, माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जात होती आणि जार्डिन मॅथेसन या कंपनीचे मुंबईतले भागीदार सर जमशेटजी जीजीभाई होते. याच कंपनीचे नाव या गोष्टीत थोड्या वेळाने पुन्हा येणार आहे.)

आता योकोहामाच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या फुकुझावाकडे परत जाऊ.

तो नाकात्सु संस्थानातल्या कनिष्ठ दर्जाच्या सामुराई घराण्यात जन्मला. बाप लवकर वारला. त्या समाजात जन्माची पायरी मरेपर्यंत सुटत नसे. वरच्या दर्जाच्या पोराशी खेळतानाही आदरार्थी बोलावे लागे. या चौकटीचा त्याला मनस्वी तिटकारा होता. १८५४ मध्ये तो डच शिकायला नागासाकीला गेला, आणि पुढच्या वर्षी ओसाकाला ओगाता कोआन या वैद्याच्या ‘तेकिजुकु’ शाळेत. ही शाळा म्हणजे अजब प्रकार होता. फाटके कपडे, ढेकूण, उधारीची दारू, आणि अभ्यास मात्र रात्र रात्र. शाळेत डच-जपानी कोशाची एकच हस्तलिखित प्रत. तिच्यासाठी वेगळी खोली होती, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या खोलीत दिवा विझत नसे. विद्यार्थी त्या कोशाच्या नकला करून विकत आणि त्यावर पोट भरत.

त्यांना काय मिळणार होते? जवळजवळ काहीच नाही. ओसाका व्यापाऱ्यांचे शहर. तेथे डच जाणणाऱ्याला नोकरी देणारा सरदार नव्हता. फुकुझावाने उतारवयात आत्मचरित्रात हे दिवस आठवताना नेमके हेच सांगितले आहे, की पुढे काय मिळेल याचा हिशेब नव्हता म्हणूनच अभ्यास चोख झाला. इतरांना जे कळत नाही ते आपल्याला कळते, हा अभिमान पुरेसा होता. भाषाशिक्षणाच्या प्रेरणांची यादी करणारे हा अभिमान सहसा वगळतात. पण अवघड गोष्ट जमते, याची तरुणपणातली नशा ही काही क्षुल्लक प्रेरणा नव्हे.

म्हणून योकोहामाचा धक्का जिव्हारी लागला. एका जर्मन दुकानदाराला डच लिहून दाखवले तर थोडेफार समजत होते, तेवढाच आधार. जाऊन-येऊन पूर्ण एक दिवस-रात्र चालून तो घरी परतला तो पायांपेक्षा मनाने थकून. पाच वर्षांची कमाई मातीमोल झाली होती. जगाचा व्यवहार इंग्रजीत चालतो, हे दुसऱ्याच दिवशी त्याने मान्य केले आणि नव्याने मुळाक्षरांपासून सुरुवात करायचे ठरवले.

गुरू कोण? तोच मोरियामा, गजांआडून शिकलेला. तो आता शोगुनाचा दुभाषा होता आणि परदेशी वकिलातींच्या कामात बुडालेला होता. फुकुझावा रोज तासाभराहून अधिक पायपीट करून त्याच्याकडे जाई. सकाळी गेले की पाहुणे, संध्याकाळी गेले की निघण्याची घाई. अंधारात दरोडेखोरांच्या भीतीने जीव मुठीत धरून परतायचे. दोन-तीन महिन्यांत हाती काहीच लागले नाही. मग तो शोगुनाच्या परकी ग्रंथांच्या संस्थेत दाखल झाला, कारण तेथे इंग्रजी-डच कोश होता. पण कोश घरी नेता येणार नाही, असे कळताच पहिल्याच दिवशी त्याने ती संस्था सोडली. शेवटी संस्थानाकडून पाच र्‍यो मंजूर करून घेऊन कोश विकत घेतला. त्याच्या आधारे वाक्ये डचमध्ये उलटवायची, आणि उच्चारांसाठी नागासाकीहून आलेली पोरे आणि जहाजफुटीतून परतलेले कोळी गाठायचे, असा क्रम चालू झाला.

सोबतीला कोणी असावे म्हणून त्याने जुन्या मित्रांना गळ घातली. मुराता झोरोकु याने साफ नकार दिला. जे महत्त्वाचे आहे ते डच लोक भाषांतर करतातच, मग हा उपद्व्याप कशाला? हे उत्तर मूर्खपणाचे नव्हते. एवढ्या कष्टाने मिळवलेली विद्या जुनी झाली, हे कबूल करणे म्हणजे आपले तारुण्य वाया गेले असे कबूल करणे. (हाच मुराता पुढे ओमुरा मासुजिरो या नावाने आधुनिक जपानी लष्कराचा जनक ठरला, आणि दोन-तीन वर्षांतच योकोहामातल्या डॉ. हेपबर्न यांच्याकडे तोही इंग्रजी शिकला.) फुकुझावाला मात्र लवकरच दिलासा मिळाला. डच आणि इंग्रजी या भाषाभगिनी. व्याकरणाचा सांगाडा पुष्कळसा सारखा. पाच वर्षे वाया गेली नव्हती तर.

१८६० मध्ये ‘कानरिन मारू’ जहाजाने तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. याच जहाजावर दुभाषा होता मांजिरो. परतताना दोघांनी एकेक वेबस्टरचा कोश आणला. १८६६ मध्ये आलेल्या फुकुझावाच्या पाश्चात्त्य देशांविषयीच्या ग्रंथाने त्याला घराघरात पोहोचवले. १८६८ च्या जुलै महिन्यात एडोच्या उएनो टेकडीवर यादवी युद्धाच्या तोफा गर्जत होत्या, त्या दिवशीही त्याच्या केइओ शाळेत इंग्रजी पुस्तकावरून अर्थशास्त्राचा पाठ चालू होता. मुले मधूनमधून छपरावर चढून धूर पाहून येत.

फुकुझावा सरकारी परवानगीने परदेशी गेला. काही जण तसे गेले नाहीत.

१८६३ च्या जानेवारीत चोशू संस्थानातल्या जहाल सामुराईंच्या टोळीने एडोजवळ बांधकाम चालू असलेली ब्रिटिश वकिलात जाळली. त्यात इतो आणि इनोउए हे दोन तरुण होते. रानटी परक्यांना हाकलून द्या, ही त्यांची घोषणा. आणि त्याच वर्षी जूनमध्ये हेच दोघे, आणखी तिघांसह, शेंडी कापून, विलायती कपडे चढवून, योकोहामाहून एका जहाजात लपून बसले. मुक्काम कोठला? लंडन! व्यवस्था करणारी कंपनी जार्डिन मॅथेसन. पकडले गेले असते तर मान उडाली असती.

हा मतपालट वरवर दिसतो तेवढा विसंगत नाही. शत्रूला हाकलायचे तर त्याची जहाजे आणि तोफा हव्यात. त्या हव्यात तर त्याची पुस्तके वाचली पाहिजेत. शांघाय बंदरात युद्धनौकांचे जंगल पाहिल्यावर तर इनोउएचा हाकलण्याचा विचारच डळमळला. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची मराठीत रीत आहे. या पाच जणांना ते दूध वाघिणीशी लढण्यासाठीच हवे होते.

त्यांची भाषेची तयारी मात्र दिव्य होती. तुम्हांला काय शिकायचे आहे, असे शांघायमध्ये विचारले गेले. ‘आरमार’ म्हणायचे होते, पण आठवलेला शब्द ‘नॅव्हिगेशन’. गोरा साहेब समजला की यांना खलाशीकाम शिकायचे आहे. परिणामी इतो आणि इनोउए यांना ‘पेगॅसस’ जहाजावर लंडनपर्यंत चार महिने दोर ओढत, डेक घासत जावे लागले. एका चुकलेल्या शब्दाची एवढी शिक्षा फार थोड्या विद्यार्थ्यांना झाली असेल.

लंडनमध्ये त्यांना आसरा दिला युनिव्हर्सिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर विल्यमसन यांनी. या कॉलेजात प्रवेशासाठी धर्माची अट नव्हती. सहाच महिने झाले असतील, तोच पाश्चात्त्य देश चोशूवर हल्ला करण्याच्या तयारीत असल्याचे वृत्तपत्रातून समजले. इतो आणि इनोउए अभ्यास टाकून धावत परतले, ब्रिटिश वकिलाला भेटले, स्वतःच्या सरदाराला समजावू पाहिले. कोणी ऐकले नाही. १८६४ च्या सप्टेंबरात शिमोनोसेकीवर तोफा डागल्या गेल्या. मग तहाच्या वाटाघाटींत दुभाषा म्हणून उभा राहिला तो इतो, तुटपुंज्या इंग्रजीनिशी. १८८५ मध्ये इतो हिरोबुमी जपानचा पहिला पंतप्रधान झाला. मागे राहिलेल्या तिघांपैकी इनोउए मासारू याने रेल्वेचे काम हाती घेतले. १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा ही जपानची पहिली रेल्वे धावू लागली. फुकुझावाच्या त्या दिवस-रात्रीच्या वाटेला आता तास पुरेसा होता.

सात्सुमा संस्थानाची कथा अशीच. १८६३ मध्ये ब्रिटिश तोफांनी त्यांचे कागोशिमा शहर जाळले. १८६५ मध्ये त्यांनी एकोणीस माणसे खोट्या नावांनी इंग्लंडला रवाना केली, त्यात एक तर तेरा वर्षांचा होता. ज्याने मारले त्याच्याकडेच शिकायला जायचे, हा सूडाचा एक शांत प्रकार म्हणता येईल.

ज्यांची वर्णी लागली नाही, त्यांच्यापैकी काही सात्सुमा तरुणांनी वेगळाच मार्ग काढला. इंग्रजी-जपानी कोश दुर्मीळ, मागणी प्रचंड. १८६२ च्या सरकारी कोशाच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती दोनशेच्या आसपास. या तरुणांनी त्याच कोशावर संस्कार केले, शांघायला मिशनऱ्यांच्या छापखान्यात १८६९ मध्ये तो छापून घेतला आणि विक्रीतून परदेशी शिक्षणाचा खर्च उभा करण्याचा घाट घातला. इंग्रजी शिकण्यासाठी आधी इंग्रजीचा कोश विकायचा! गंमत अशी की त्यांच्यातला माएदा मासाना शेवटी फ्रान्सला गेला.

१८६८ नंतर वारे पूर्ण फिरले. नव्या मेइजी सरकारने जगभरातून ज्ञान गोळा करण्याची शपथच घेतली. देहदंडाचा गुन्हा होता ती गोष्ट आता सरकारी नोकरीची शिडी बनली. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या टोकियो विद्यापीठात बहुतेक विषय परदेशी शिक्षक इंग्रजीतून शिकवत. विद्यार्थी रसायन, इतिहास, कायदा सगळे इंग्रजीत शिकत, टिपणे इंग्रजीत लिहीत. जपानी ग्रंथच नव्हते, तर दुसरे काय करणार?

याच उत्साहाच्या भरात एक टोकाची सूचना पुढे आली. मोरी आरिनोरी, सात्सुमाच्या त्या एकोणिसांतला एक, आता वॉशिंग्टनमध्ये जपानचा प्रतिनिधी होता. वय पंचविशीचे. १८७२ मध्ये त्याने येल विद्यापीठातले भाषापंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांना पत्र लिहून विचारले की जपानने इंग्रजीच स्वीकारली तर? मात्र इंग्रजीतली अनियमित रूपे काढून टाकावीत, ‘स्पोक’ऐवजी सरळ ‘स्पीक्ड’ म्हणावे. दुसऱ्याची भाषा घ्यायची आणि वर तिची डागडुजीही करायची, या आत्मविश्वासाला दाद द्यावी लागते. व्हिटनी यांनी सल्ला दिला की मुलांना त्यांच्या भाषेत शिकवा, आणि इंग्रजी घ्यायचीच तर आहे तशी घ्या.

पण खरे उत्तर दिले लंडनमधल्या एका जपानी विद्यार्थ्याने. तोसा संस्थानातला बाबा तात्सुई कायद्याचा अभ्यास करत होता. १८७३ मध्ये त्याने जपानी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, इंग्रजीतून, आणि प्रस्तावनेत मोरीचा मुद्दा खोडून काढला. इंग्रजी शिकायला वेळ आणि पैसा लागतो. तो असतो वरच्या वर्गाकडे. राज्यकारभार इंग्रजीत गेला की शेतकरी आणि मजूर त्यातून कायमचे बाहेर फेकले जातील; एकाच देशात दोन देश तयार होतील. दाखला म्हणून त्याने बोट दाखवले ते हिंदुस्थानाकडे. आपल्याकडे पुढे दीडशे वर्षे जो वाद चालला, त्याचे एक नेमके निदान लंडनच्या खोलीत बसून तेवीस वर्षांच्या जपानी मुलाने करून ठेवले होते.

यातला विरोधाभास असा, की जपानीची बाजू मांडणारा बाबा आपली रोजनिशी इंग्रजीत लिहीत असे. तो १८८८ मध्ये फिलाडेल्फियात वारला. त्याच शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. आनंदीबाईंचे ते नऊवारीतले प्रसिद्ध छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल; त्यात शेजारी किमोनो घातलेली जपानी विद्यार्थिनी आहे ओकामी केइको, आणि तिसरी सीरियाची साबात इस्लामबूली. तिघींच्या मातृभाषा तीन, आणि आपसांत बोलण्यासाठी चौथी. तिघी इंग्रजीकडे वळल्या त्या डॉक्टर होण्यासाठी.

स्वतः इच्छा न धरताही इंग्रजी नशिबी आलेल्या मुली मात्र वेगळ्या. डिसेंबर १८७१ मध्ये इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली योकोहामाहून अमेरिकेला निघाल्या. दहा वर्षांचा खर्च सरकारचा. पहिल्या जाहिरातीला एकही अर्ज आला नव्हता. ज्या घराण्यांनी शेवटी मुली दिल्या, ती यादवीत शोगुनाच्या बाजूने हरलेली घराणी होती. अकरा वर्षांची यामाकावा साकिको आइझु संस्थानातली. तीन वर्षांपूर्वी सरकारी फौजांच्या वेढ्यात तिने किल्ल्यात दिवस काढले होते. निघताना आईने तिचे नाव बदलून ‘सुतेमात्सु’ ठेवले. त्यात टाकून देणे आणि वाट पाहणे, हे दोन्ही अर्थ येतात.

सर्वांत धाकटी त्सुदा उमेको सहा वर्षांची. जहाजावरच तिला सातवे लागले. मोठ्या दोघी वर्षभरात आजारी पडून परतल्या. सुतेमात्सु १८८२ मध्ये व्हॅसार कॉलेजची पदवीधर झाली. मायदेशी येऊन तिने लग्न केले युद्धमंत्री ओयामा इवाओ यांच्याशी, आइझुला वेढा घालणाऱ्या सैन्यातल्या अधिकाऱ्याशी! त्यांची सात्सुमा वळणाची जपानी तिला कळेना, म्हणून सुरुवातीचे संभाषण परक्या भाषेत झाले, असे सांगतात.

या साऱ्या धडपडीचा शेवट इंग्रजीच्या पीछेहाटीत झाला, आणि त्याचे श्रेय याच विद्यार्थ्यांना जाते. परतलेल्यांनी विद्यापीठांत परदेशी शिक्षकांच्या जागा घेतल्या, पारिभाषिक शब्द घडवले, ग्रंथ जपानीत आणले. शिक्षणमंत्री झालेल्या मोरीवर १८८९ मध्ये, राज्यघटना जाहीर झाली त्याच दिवशी, एका कट्टर राष्ट्रवाद्याने सुरीहल्ला केला आणि त्यात त्याचा अंत झाला. विद्यार्थ्यांना इंग्रजी आता हवी होती ती वरच्या शाळेच्या प्रवेशासाठी. चिनी काव्यात रमणारा नात्सुमे सोसेकी अशाच प्रवेशपरीक्षेपायी इंग्रजीकडे वळला आणि १९०० मध्ये सरकारी खर्चाने लंडनला गेला. ती दोन वर्षे त्याने भाड्याच्या खोल्यांत पुस्तकांच्या ढिगाऱ्यात आणि खिन्नतेत काढली. वेड लागल्याची वार्ता टोकियोपर्यंत गेली. १९११ मध्ये, विद्यार्थ्यांचे इंग्रजी पूर्वीसारखे उरले नाही अशी ओरड चालू असताना, या नामवंत कादंबरीकाराने लिहिले की हे व्हायलाच हवे होते. सगळे विषय इंग्रजीतून शिकत होतो, ती अवस्था ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानासारखी वाटण्याजोगी होती.

उमेकोची गोष्ट राहिली. अकरा वर्षांनी, १८८२ मध्ये ती योकोहामाच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिला जपानी येत नव्हती. आईशी बोलायला दुभाषा लागे. स्वतःची भाषा तिला परक्या भाषेसारखी मुळापासून शिकावी लागली. सरकारने दहा वर्षे खर्च करून पाठवलेल्या मुलींचे पुढे करायचे काय, याचा विचार त्या सरकारने केलेलाच नव्हता. तिने उमराव घराण्यांतल्या मुलींना इंग्रजी शिकवली. पण त्यांच्यासाठी ती बैठकीच्या शोभेची वस्तू होती. उमेको पुन्हा अमेरिकेला जाऊन ब्रिन मॉर कॉलेजात शिकून आली.

१९०० मध्ये तिने टोकियोत भाड्याच्या घरात मुलींसाठी इंग्रजीची शाळा उघडली. विद्यार्थिनी दहा. त्या काळी बाईला सन्मानाने पोट भरता येईल असे जे थोडे व्यवसाय होते, त्यांत माध्यमिक शाळेतली इंग्रजीची शिक्षिका हा एक होता, आणि त्याची सरकारी परवाना परीक्षा अवघड होती. त्या परीक्षेची तयारी हा शाळेचा एक मुख्य हेतू. ‘फेटन’ जहाजाच्या धमकीपासून निघालेली वाट येथे एका पगारापाशी पोहोचली.

ज्या अमेरिकी बाईंनी तिला लहानपणी वाढवले, त्या ॲडलिन लॅनमन यांना उमेको वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिली. जपानी स्वयंपाक, जपानी लग्ने, घरातले रुसवेफुगवे, एकटेपणा, सगळे त्यांत आहे. तिच्या मृत्यूनंतर अर्धे शतक उलटून गेल्यावर, १९८४ मध्ये, त्या पत्रांचा गठ्ठा तिच्याच महाविद्यालयाच्या माळ्यावर सापडला. पत्रे इंग्रजीत आहेत.